स्वमग्न मुलाची शाळा

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर दर वेळी मी खोडव्यातील पाचट, बेणे प्रक्रिया, हुमणी, नाहीतर ठिबकचे संच यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय वेगळा आहे. "शेतकी खात्याच्या पानावर हे कशाला?" असे संपादक मंडळातील एका सद्गृहस्थांनी विचारलेही. विचारणे रास्तच होते. परंतु हा विषय मला उसाच्या बांधावरच भेटला, म्हणून तो याच पानावर यावा असा हट्ट मी धरला, व मंडळाने तो मानला.

गेल्या फेब्रुवारीत सुरू उसाच्या नोंदी चालू होत्या. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालच्या एका गावात आम्ही क्षेत्र मोजत होतो. को ८६०३२ ची लागण, साडेचार फुटी सरी. चिटबॉय टेप धरून पुढे, मी वही घेऊन मागे. बांधावर सात-आठ वर्षांचा एक मुलगा हात फडफडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. मी त्याला नाव विचारले. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. चिटबॉय म्हणाला, "साहेब, बहिरं दिसतंय."

तेवढ्यात पलीकडच्या रस्त्याने गाणी लावलेला उसाचा ट्रॅक्टर गेला. मुलाने दोन्ही कान गच्च दाबले आणि तो सरीत उकिडवा बसला. बहिरे मूल कान कशाला झाकील?

आमच्या मोजणीत सऱ्या एकसष्ट भरल्या. मुलगा मान खाली घालूनच म्हणाला, "बासष्ट." पुन्हा म्हणाला, "बासष्ट. बासष्ट." वडील हसले. म्हणाले, "त्याचं खरं हाय साहेब. बांधाकडची आखूड सरी तुमी सोडली."

मी विचारले, "शाळेत जातो का?"

"घातला होता की पहिलीत. दिवाळीपासून घरीच हाय."

"कामून?"

"गुरुजी म्हणले, वर्गात बसत नाही, घंटा झाली की बोंबलतंय, बाकीच्या लेकरांचं नुकसान व्हायलंय. घरीच राहू द्या, मोठं झाल्यावर बघू."

मुलाची आई जवळच खुरपत होती. ती वर न बघता म्हणाली, "मोठं झाल्यावर काय बघणार हायेत?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण मूल पाहताक्षणी मी ओळखले होते, कारण असे एक मूल आमच्या घरात आहे. माझ्या ताईचा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. तो दोन वर्षांचा होऊनही बोलेना, नावाने हाक मारली तर वळून बघेना, हवी ती वस्तू बोट दाखवून मागण्याऐवजी आपला हात धरून तिच्यापाशी नेई. ताई घाबरली होती. मी मात्र मामा या नात्याने तिला ठासून सांगितले, "अगं, आपले आण्णासुद्धा उशिराच बोलले. काढू नकोस मनात काही." माझ्या त्या शहाणपणात त्या मुलाची दोन वर्षे गेली. उसावर पांढरी माशी दिसली तर मी त्याच दिवशी पंचनामा करतो. इथे डोळ्यांसमोरचे दिसले नाही.

या अवस्थेस मराठीत स्वमग्नता व इंग्रजीत ऑटिझम म्हणतात. मी कृषी पदविकाधारक आहे, डॉक्टर नव्हे. तेव्हा आमच्या घराने जे डॉक्टरांकडून ऐकले तेवढेच सांगतो. हा संसर्गाचा रोग नाही, वेडही नाही. मेंदूची घडणच जन्मापासून थोडी निराळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणे सव्वाशे माणसांमागे साधारण एकजण असा असतो. म्हणजे आपल्या कार्यक्षेत्रातील कोणत्याही मोठ्या गावात अशी मुले असणारच. ती आपल्याला दिसत नाहीत एवढेच. काही मुले अजिबात बोलत नाहीत. काही ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणतात, आमचा भाचा तहान लागली की "तुला पाणी पाहिजे?" असे म्हणायचा, कारण आई तसे विचारायची. काहींना पत्रावळी, काड्या, चपला एका रांगेत मांडायच्या असतात आणि रांग मोडली की रडू येते. काही अभ्यासात हुशार असतात, काहींना त्याच्या जोडीला बौद्धिक अडचणही असते. सगळीच मुले सऱ्या मोजणारी नसतात, हे मुद्दाम सांगतो, कारण सिनेमामुळे लोकांना वाटते की अशा प्रत्येक मुलात काहीतरी चमत्कार असतो. (आणि 'तारे जमीन पर' या २००७ सालच्या चित्रपटातील मुलाची अडचण वाचन-लेखनाची होती. ती वेगळी गोष्ट.)

आपल्याकडे असे मूल झाले की बोट पहिल्यांदा आईकडे जाते. ग्रहणात भाजी चिरली, अंगारा घेतला नाही, नाहीतर लेकराला जीव लावला नाही. हा अडाणीपणा फक्त आपलाच आहे असे समजू नये. अमेरिकेतले मोठमोठे तज्ज्ञसुद्धा १९५० ते ६० च्या सुमारास आईच्या थंडपणामुळे मूल असे होते असे लिहीत होते. पुढे ते पार खोटे ठरले. लसीचेही तेच. लसीने स्वमग्नता येते असे सुचविणारा एक निबंध १९९८ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात आला, तो त्याच साप्ताहिकाने २०१० साली मागे घेतला. तेव्हा लसीकरण चुकवू नये, आणि सुनेला दोष देऊ नये.

आता एक गोष्ट सांगतो. ती मला ताईने वाचायला दिली आणि शेतकऱ्याच्या कामाची आहे म्हणून मी ती जपून ठेवली.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावी १९३३ साली डोनाल्ड ट्रिप्लेट नावाचा मुलगा जन्मला. माणसांकडे लक्ष नाही, वस्तू गरगर फिरवीत बसणे, आकड्यांचे वेड. पाच वर्षांचा असताना त्याला बाल्टिमोरचे डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे नेले. कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांची हकिकत लिहिली, आणि जगाला स्वमग्नतेची ओळख झाली. त्या अकरांत पहिले नाव डोनाल्डचे. पण ही हकिकत डॉक्टरची झाली. पुढची शेतकऱ्याची आहे.

१९४२ साली आईवडिलांनी डोनाल्डला घरापासून दहाएक मैलांवर एका खंडकरी शेतकरी जोडप्याकडे ठेवले. कॅनर १९४५ मध्ये तेथे भेटीला गेले आणि त्या जोडप्याचे शहाणपण बघून थक्क झाले. मुलाला मोजमापाचा नाद होता; तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावले व किती खोल झाली ते सांगण्याचे काम दिले. तो मेलेले पक्षी-किडे गोळा करायचा. तर त्यांना पुरण्यासाठी एक कोपरा देऊन प्रत्येकावर खूण लावायला शिकवले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत राही. तर म्हणाले, मोज बाबा, पण नांगरता नांगरता मोज. कॅनर यांच्यासमोर त्याने घोड्याच्या नांगराने सहा लांब ओळी नांगरल्या आणि तासाच्या टोकाला घोडा व्यवस्थित वळवला. याच काळात तो खेड्यातल्या शाळेत जात होता. त्याचा विक्षिप्तपणा त्या शाळेने चालवून घेतला आणि त्याची अभ्यासात चांगली प्रगती झाली. पुढे तो १९५८ साली पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला.

त्या जोडप्याने मुलाचे मोजणे बंद केले नाही. मोजण्याला काम दिले. आपल्याकडील शिक्षक, पालक आणि आम्ही मामे-काके नेमके उलट करतो. हात फडफडवतो ना, हात धरा. मोजतो ना, गप्प बसवा.

भाच्याला पहिल्या शाळेत (नाव लिहीत नाही) हात हलवतो म्हणून हात बांधून बसवीत. ताईला हे चार महिन्यांनी कळले, तेही शेजारच्या मुलीकडून. भाचा सांगणार कसा? त्या चार महिन्यांत त्याची झोप गेली, अंथरूण ओले होऊ लागले, तो भिंतीवर डोके आपटू लागला. घरात सगळे म्हणाले, आजार वाढला. वास्तविक तो आजार नव्हता, भीती होती. हात फडफडवणे हा त्याचा स्वतःला शांत करण्याचा उपाय. तोच काढून घेतल्यावर दुसरे काय होणार? शाळा बदलली आणि डोके आपटणे पंधरा-वीस दिवसांत थांबले. मूल एकाएकी बिघडले की आधी त्याची जागा तपासावी, हे मी त्या वेळी शिकलो. पान पिवळे पडले म्हणून आपण उसाला दोष देत नाही, पाणी साचले आहे का ते बघतो.

दुसऱ्या शाळेत मारहाण नव्हती, पण कोणी बोलतही नव्हते. तिसऱ्या शाळेत एक बाई भेटल्या. त्यांनी कसले खास प्रशिक्षण घेतले नव्हते. त्यांनी पहिल्या आठवड्यात काही शिकवलेच नाही, नुसते पाहिले. मग त्याची जागा ठरवली: भिंतीलगत, खिडकीपासून दूर, रोज तीच. दिवसभरात कशानंतर काय होणार याची चित्रे एका पुठ्ठ्यावर चिकटवली — प्रार्थना, गणित, डबा, चित्रकला, घर. एक झाले की ते चित्र तो स्वतः उलटे करी. घंटेच्या अगोदर त्या त्याला हजेरीचे पुस्तक देऊन ऑफिसात पाठवीत, म्हणजे घंटा डोक्यावर वाजायची नाही आणि पायही मोकळे व्हायचे. सूचना एका वेळी एकच. "वही काढ." काढली की मग पुढची. आणि वर्गातील दोन मुलांना सांगून ठेवले, की मधल्या सुट्टीत याच्या खोड्या काढणाऱ्यांकडे तुम्ही बघायचे. या शेवटच्या गोष्टीचा उपयोग सर्वांत जास्त झाला असे ताई म्हणते. एवढ्यासाठी लागला तो एक पुठ्ठा आणि थोडी गोंदाची बाटली.

आवाजाविषयी मला स्वतःला धडा मिळाला तो कारखान्याच्या भोंग्यामुळे. ताई दिवाळीला वसाहतीत आली की भाचा पहिल्या भोंग्याला पलंगाखाली शिरायचा आणि तासन्‌तास बाहेर यायचा नाही. शेवटी त्याच बाईंच्या सांगण्यावरून मी कागदावर घड्याळ काढून पाळीच्या वेळा दाखवल्या व भिंतीवर लावल्या. तिसऱ्या दिवशी बघतो तर गडी पाच मिनिटे अगोदर अंगणात येऊन, कानात बोटे घालून, धुराड्याकडे तोंड करून उभा! भोंगा तेवढाच मोठा होता. तो कधी होणार हे कळले, एवढाच फरक.

म्हणून एक विनंती ट्रॅक्टर मालक व वाहतूक ठेकेदार सभासदांना. हंगामात आपली वाहने शाळेवरून जाताना गाण्यांचा आवाज बंद ठेवावा. आपल्याला ती करमणूक असते. त्या वर्गातील एखाद्या मुलाला तो आवाज कानात दाभण घातल्यासारखा लागतो. बोलता येत असते तर त्याने सांगितलेच असते.

आता कायद्याचे. "घरीच राहू द्या" असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला नाही. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला, त्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व धरले असून स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला त्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, किंवा पालकांना पाहिजे असेल तर विशेष शाळेत, मोफत शिकता येते. अशा मुलांसाठी विशेष शिक्षक किती असावेत, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगून टाकले: प्राथमिक शाळेत दहा मुलांमागे एक, पुढच्या वर्गांत पंधरांमागे एक. प्रत्यक्षात तालुक्याच्या गट साधन केंद्रातील एखादे विशेष शिक्षक अनेक गावे फिरत असतात, ही वस्तुस्थिती आहे. त्यांनाही दोष देता येत नाही. पण आपण मागितलेच नाही तर ते येणार कुठून? मुख्याध्यापकांना तोंडी विनवू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. उसाच्या वजनाची पावती आपण सोडतो का?

कागदपत्रांत पहिले काम दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. गावातील अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. ते आले की मुलाला लपवू नका, पुढे करा. वागणुकीतील व विकासातील अडचणी बघणे हेसुद्धा त्यांचे काम आहे, तेथून पुढे जिल्ह्याला पाठवतात. कार्ड झाले म्हणजे एस.टी.ची सवलत, पुढे दहावी-बारावीला ज्यादा वेळ व लेखनिक, असे बरेच काही सुकर होते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, त्यात उपचारांचाही खर्च बसतो. आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर सही, बँक, जमीन यांचे काय, याची काळजी असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. ज्यांच्या नावावर सात-बारा आहे त्यांनी हे आजच लक्षात ठेवावे.

शहरात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात, या कामाला वाहून घेतलेली माणसे आहेत. स्वमग्न मुलाची आई असलेल्या श्रीमती अंबिका टाकळकर यांनी 'आरंभ' ही संस्था अशाच मुलांसाठी उभी केली. खेड्यातून रोज शहरात नेणे बहुतेकांना शक्य नाही, हे मी जाणतो. पण एकदा जाऊन दाखवून, शिकून आणता येते. घरी काय करायचे ते कळले तर निम्मे काम घरीच होते.

औषधाने हे बरे होत नाही. झोप, फिट्स, फार चिडचिड यांसाठी डॉक्टर औषध देतात ते वेगळे. "सहा महिन्यांत खात्रीने बोलता करतो" म्हणून पैसे घेणारे पुष्कळ भेटतील. ताईने एकाला एका हंगामाच्या उसाच्या बिलाएवढे पैसे मोजले आहेत.

शेतकऱ्याच्या घरात एक धोका खास आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही मुले गुपचूप निघून जातात, आणि पुष्कळांना पाण्याची ओढ असते. हाक मारली तरी ओ देत नाहीत. जगभर अशा भटकण्यातून मुले बुडाल्याची उदाहरणे आहेत. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी, प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी (घसरले की मोठा माणूसही वर येत नाही), आणि भरून वाहणारा कालवा. विहिरीला कठडा बांधा. शेततळ्याला कुंपण घाला आणि काठाला गाठी मारलेला दोर सोडून ठेवा. मुलाच्या हातात किंवा गळ्यात नाव व फोन नंबर असू द्या. शेजाऱ्यांना सांगून ठेवा. लपवलेले मूल हरवले तर कोणाला विचारणार?

हाच धोका ऊसतोडीच्या कोप्यांवर दुप्पट आहे. दर हंगामाला बीड, जालन्याकडून आपल्या उसासाठी जी कुटुंबे येतात त्यांची मुले सहा महिने गावच्या शाळेबाहेर पडतात. आपल्याच शहरातील 'जनार्थ' संस्थेने त्यांच्यासाठी साखरशाळा चालवल्या, तेव्हा हा प्रश्न निदान लोकांच्या डोळ्यांसमोर आला. त्यातील एखादे मूल स्वमग्न असेल तर? ज्याला रोज तीच जागा आणि तोच क्रम लागतो, त्याची जागा फडागणिक बदलते. एका कोपीवर अशी एक मुलगी मी बाजेच्या पायाला दोरीने बांधलेली पाहिली आहे. आई तोडायला गेली होती. बांधले नसते तर ती कालव्यावर गेली असती. त्या आईला काय बोलणार? मुकादमांनी आणि आमच्या चिटबॉयनी अशी मुले दिसली की गट कार्यालयात सांगावे, म्हणजे निदान आरोग्य पथकाला त्या कोपीचा पत्ता मिळेल. असे सांगण्याची सूचना मी चिटबॉयना दिली आहे. मागच्या हंगामात माझ्याकडे एकही नाव आले नाही, आणि ते मुले नसल्यामुळे नाही.

राहिला सऱ्या मोजणारा मुलगा. जूनमध्ये मी त्याच्या वडिलांबरोबर शाळेत गेलो. लेखी अर्ज दिला. मुख्याध्यापक प्रथम अवघडले, मग म्हणाले, "आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं हो." ते खरे असावे. सध्या तो दुपारच्या सुट्टीपर्यंत बसतो. पुठ्ठा मीच करून दिला, चित्रे ताईने काढली. खिचडीच्या वेळी ताटे मोजण्याचे काम गुरुजींनी त्याला दिले आहे. एक ताट कमी असले तर तो कोणालाही जेवू देत नाही, यावरून दोनदा गोंधळ झाला. त्यावर अजून तोड निघायची आहे. घंटा अजूनही सोसत नाही. बोलणे फारसे वाढलेले नाही.

प्रमाणपत्रासाठी तपासणीची तारीख मिळाली आहे, त्या दिवशी मीही बरोबर जाणार आहे. गाडीत जागा आहे. ज्या सभासदांच्या घरी असे मूल असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात निरोप ठेवावा. नाव कोठेही छापले जाणार नाही.